इंजिन झोपलं तरी फिरणारा पंखा

आमच्या जीपला भरलेला नाला ओलांडायचा असला की बाबा काठावर गाडी थांबवत, बॉनेट उघडत आणि इंजिनाच्या पुढचा रबरी पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घालत. पलीकडे पोचलं की पुन्हा थांबून तो जागेवर चढवत. आलापल्लीच्या पुढे ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपा होत्या ते सगळेच असं करत. जीपचा लोखंडी पंखा त्या पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असे. इंजिन चालू तर पंखा चालू, त्याची वेगळी मर्जी नाही. नाल्याचं पाणी पात्यांना लागलं की पंखा ते भिरकावून थेट प्लगांवर मारायचा आणि गाडी पाण्याच्या मधोमध बंद पडायची. म्हणून पट्टा काढायचा. पण त्याच पट्ट्यावर रेडिएटरचं पाणी खेळवणारा पंपही चालायचा, त्यामुळे इंजिन तापायच्या आत तो परत चढवावा लागे. आणि गळ्यात एवढ्यासाठी, की विसर पडू नये. गरम, काळा, ग्रीसने माखलेला पट्टा गळ्यात असताना कोण विसरेल?

काठावर सायकली घेऊन पाणी उतरायची वाट बघणारी माणसं असत. त्यांना तो तमाशाच. एकदा एकाने विचारलं होतं, "भाऊ, गाडीचं मंगळसूत्र तुमच्या गळ्यात काऊन?" बाबाही हसले होते. मी मागच्या सीटवर पुस्तकात तोंड घालून बसले होते. चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत शिकणारी मी, त्या माणसांसमोर माझं मराठी फार धुतलेलं, इस्त्री केलेलं वाटायचं. म्हणून मी बोलतच नसे. बघत मात्र असे.

हे सगळं नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. आई आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावी शाळेत शिकवायची. आठवडाभर तिथेच एका खोलीत राहायची. मी आणि बाबा चंद्रपुरात. दर शनिवारी आम्ही दोघं जीप घेऊन तिला आणायला जायचो आणि सोमवारी पहाटे बाबा तिला सोडून यायचे. लिलावात घेतलेली ती जीप त्याच कामासाठी होती. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला होता, त्यावर रपटा, म्हणजे पाण्याच्या पातळीलाच बांधलेला ठेंगणा सिमेंटचा पूल. पावसाळ्यात तो बहुतेक पाण्याखालीच.

एका पावसाळ्यात बाबा काठावर पट्ट्याचे नट सोडवत असतानाच पाणी वाढलं होतं. गरम इंजिनात हात घालून ते काम लवकर होत नाही. पलीकडच्या काठावर आई छत्री घेऊन उभी होती. आम्ही एकमेकांना दिसत होतो, ऐकू येत नव्हतो. थोड्या वेळाने तिने हाताने 'जा' अशी खूण केली आणि आम्ही गाडी वळवली. त्या पावसाळ्यात असे बरेच शनिवार गेले. पुढच्या उन्हाळ्यात एकदा पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली की यंदाही असंच झालं तर ती नोकरी सोडून देईल. आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्यामुळे ते खरं आहे हे आम्हा दोघांनाही कळलं. आईला ती शाळा किती आवडते हेही ठाऊक होतं. मुलांकडून ती गोंडी शिकत होती. घरी आली तरी पाणी मागताना चुकून 'एर' म्हणायची.

शाळा सुटल्यावर एकदा मी फाटकापाशी बाबांची वाट बघत होते. समोर कोणाची तरी छोटी पांढरी गाडी उभी होती. आत कोणी नव्हतं, काचा वर, दारं बंद. आणि तिच्या नाकातून घरघर येत होती. मी वाकून पाहिलं. जाळीच्या आत पंखा फिरत होता. बंद गाडीत, रिकाम्या गाडीत, आपला आपण. धावून आलेलं जनावर झाडाखाली उभं राहून धापा टाकतं तशी ती गाडी मला वाटली. मग तो थांबला, कोणी न सांगता. विजेच्या मोटरची आकृती मी विज्ञानाच्या वहीत कितीदा काढली होती, बाण-बिण दाखवून. पण ती अशी एकटीच रस्त्यावर श्वास घेताना मला कधी सुचली नव्हती.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. एरवी मी जेवताना काही सांगत नसे, म्हणून त्यांनी घास हातात धरून ऐकलं. "बॅटरीवर चालतो तो," ते म्हणाले. "म्हणजे हवा तेव्हा बंदही करता येईल." ताटातला भात निवत गेला.

चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ गाड्यांची वायरिंग करणारे एक चाचा होते. बाबांचे जुने स्नेही, बोलायला लागले की थांबत नसत. ठोकर लागलेल्या एका छोट्या गाडीचा पंखा त्यांच्याकडे पडून होता. त्यांनी जीपचा लोखंडी पंखा काढून टाकला, पट्टा मात्र तसाच ठेवला, कारण पंप आणि डायनामो त्यावरच. हलका पंखा त्यांनी रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे बसवला आणि त्याची वायर आत आणून स्टिअरिंगजवळ एक खटका लावला. घरातल्या दिव्याचा असतो तसाच काळा, गोल. बाबांनी विचारलं की आपोआप चालू-बंद होणारा नाही का बसवता येत. चाचा म्हणाले, "आपोआपवाला नाल्यात तुम्हाला विचारणार थोडीच. आपल्या हातात पाहिजे."

मग परीक्षा. बाबांनी वर्तमानपत्राचा तुकडा जाळीसमोर धरला. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. चाचांनी खटका दाबला आणि कागद बाबांच्या तोंडावर आला. चाचा जराही ओशाळले नाहीत. "पंखा तो पंखा आहे साहेब, दिशा आपण द्यायची असते," म्हणाले आणि दोन वायरींची अदलाबदल केली. या वेळी कागद बाबांच्या हातातून सुटला आणि जाळीवर जाऊन बसला. चाचांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. गाडी बंद, किल्ली माझ्याकडे, आणि कागद तसाच चिकटून थरथरत होता. मी तळहात जवळ नेला. हवा बोटांमधून आत निघून जात होती. एवढं मोठं लोखंडी धूड न हलता एवढासा वारा कुठून येतोय, याचं उत्तर मला येत होतं, तरी मी हात काढला नाही.

पावसाळ्यातला पहिला मोठा शनिवार आला. आलापल्लीच्या पुढे सागाची पानं धुऊन निघाली होती. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. एक माणूस काठी टेकत मधोमध गेला, पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. बाबांनी गाडी थांबवलीच नाही. खटका खाली करून पंखा बंद केला, पहिला गिअर टाकला आणि आम्ही पाण्यात शिरलो. पाणी बंपरला लागून दोन बाजूंना फाकत गेलं. इंजिनाचा आवाज बदलला, पण तुटला नाही. काठावरची माणसं बाबांच्या उघड्या गळ्याकडे बघत राहिली. पलीकडे चढ चढलो तेव्हा बाबा मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी फार कमी पाहिलं होतं. आम्ही दोघं हसत होतो आणि जंगल मागे जात होतं.

गाव थोडंसं राहिलं असताना बॉनेटमधून वाफ आली.

खटका खालीच होता. गळ्यात काही नव्हतं, अंगाला चटका नव्हता, कपड्याला डाग नव्हता. नाला ओलांडल्यावर आठवण करून देणारं काहीच उरलं नव्हतं. बाबांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. रेडिएटर इतकं तापलेलं होतं की झाकण उघडून पाणी घालणंही शक्य नव्हतं. नाल्याकडच्या बाजूला ढग काळे होत होते. निवायला वेळ लागणार आणि तोवर रपट्यावरचं पाणी वाढणार.

मग त्यांनी खटका वर केला.

जंगल शांत होतं. पानांवरून थेंब पडत होते तेवढाच आवाज, आणि त्यात जीपच्या पुढून तो बारीक घरघराट. हळूहळू लोक जमले. गुरं घेऊन परतणारा एक म्हातारा जाळीसमोर उकिडवा बसला. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग बॉनेटला कान लावला. "इंजन तं झोपलं," तो म्हणाला, "मंग हे कोन फिरवून राह्यलं?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्यासारखेच बघत होते. पहिल्यांदाच मला त्या माणसांमध्ये उभं राहायला संकोच वाटला नाही.

शाळेतल्या बाईचे साहेब रस्त्यात अडकले, हे कोणी सायकलवाल्याने गावात सांगितलं असावं. आई पायीच आली, साडी खोचलेली, छत्री बंद. "पाणी किती आहे रपट्यावर?" एवढंच तिने विचारलं. बाबांनी गुडघ्याच्या खाली हात लावून दाखवलं आणि आपण पंखा कसा विसरलो ते सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन आईने जाळीसमोर हात धरला, आणि मग ओल्या चेहऱ्याने तिथेच वाकून राहिली. वारा तिच्या मागून पुढे जात होता, कपाळावरचे केस जाळीकडे ओढले जात होते.

वाफ थांबली. फडक्याने झाकण उघडलं, पाणी भरलं, गाडी वळवली. आलापल्लीला जायचं म्हणून गुरं एका पोराकडे सोपवून म्हातारा आणि आणखी दोघं मागे बसले. रपट्यावर पाणी चढलं होतं, काठीवाला म्हणाला की गुडघ्याला लागतं, पण ओढ नाही, आत्ताच काढा. पट्टा सोडवत बसलो असतो तर वेळ गेलीच होती. बाबांनी खटका खाली केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पलीकडे गेल्यावर मला सांगशील?"

मी मान हलवली. पाणी आत आलं, पायांखालून गेलं. गाडी एकदा अडखळली, मग पुढे सरकली. समोरची चाकं कोरड्या सिमेंटवर चढली, मागचीही चढली. मागे तिघं अनोळखी माणसं, पुढे आई.

"बाबा, पंखा."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खटका वाजला आणि पुढून घरघर सुरू झाली. म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बाईची पोरगी बोलते तं."

आई काचेतून मागे नाल्याकडे बघत होती. मग ती बाबांना म्हणाली, "सोमवारी अर्धा तास आधी निघा लागन. सकाळी पाणी जास्त राह्यते."

बाबा हो म्हणाले. त्यानंतर चंद्रपूर येईपर्यंत कोणी नोकरीचा विषय काढला नाही.