आवणीच्या चालीवर 'ग'

कुंभवलीत कारखान्यांमागच्या एका चाळीत मी बालवाडी घ्यायचे. अक्षरं मी गाऊनच शिकवायचे. ताटात रेती पसरायची. सूर चढला की बोट वर, उतरला की खाली. पाटी-पेन्सिल त्यानंतर.

डोंगरातल्या गावाहून आलेली एक पाच वर्षांची मुलगी मात्र रेतीला हातच लावायची नाही. मूठ मिटून बसून राहायची. तिची आई एका कंपनीत ठेक्यावर साफसफाई करायची. एकदा मी आईला विचारलं, "घरी कोणती गाणी म्हणता?"

"गाणी कसली बाई. आवणीला म्हणतो, तीच."

आवणी म्हणजे भाताची लावणी. मी म्हटलं, "मग तेच म्हणा वर्गात."

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती वर्गात आली. लेकीशेजारी मांडी घालून, तोंडाशी पदर धरून गायली. ओळ संपताना सूर लांबवायची, मग एक गिरकी घेऊन पुढची ओळ धरायची. ऐकता ऐकता मुलीची मूठ सुटली. लांबलेल्या सुरावर रेघ, गिरकीवर गाठ. पुढे रोज वर्गात आम्ही तीच चाल म्हणायचो; पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी पाटीवर 'ग' काढायला लागली. मग आवणीसाठी ती आईबापांबरोबर गावी गेली.

दिवाळीनंतर बाप आणि मुलगी, दोघंच परत आली. दारातच बाप म्हणाला, "आवणीत साप चावला तिला. गाडी मिलेपर्यंत गेली."

 मुलीला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताट मांडून मी तीच चाल धरली. तिने कानांवर हात ठेवले. बाकीच्या मुलांना चाल पाठ होती, ती गातच राहिली. मुलगी उठली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. मी मुलांना थांबवलं. ती चाल मी पुन्हा वर्गात म्हटली नाही. इतर गाणीही हळूहळू बंद पडली.

ती लिहायची, पण गुपचूप, पेन्सिल मोडेल इतकी दाबून. तिच्या 'ग'ला आता गाठ नसायची, नुसत्या दोन काठ्या. मी सुधारायला गेले नाही.

उन्हाळ्यात बाप तिला कायमची आजीकडे ठेवायला निघाला, तेव्हा निरोप घ्यायला आला. मी विचारलं, "घरी गाते का?"

"नाय बाई. मोबाईलवर गाना लावला तरी बंद कर बोलते." मग म्हणाला, "पन लिवते. भुईवर बोटानं लिवते कायतरी."

काय लिहिते, ते त्याला वाचता येत नव्हतं. दोघं एसटी स्टँडकडे निघाली.