आडवा धागा

मोठ्या जावेची निळी साडी चार वर्षं झाली तरी विटत नव्हती, आणि माझं पोट दुखत होतं ते त्याच साडीपायी. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तीच साडी दोरीवर वाळत असायची, आणि शेजारणी मुद्दाम थांबून विचारायच्या, "नवी का गं?" नवी कसली डोंबलाची! माझ्या मात्र तीन साड्या तेवढ्यात फडक्यात गेल्या होत्या.

खरं तर मला साडीचा हेवा नव्हताच. जावेबरोबर बाबा दुकानात जायचे, त्याचा होता. बाबा म्हणजे आमचे सासरे. जन्म गिरणीच्या कापड तपासायच्या खात्यात गेला, संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. पण हात तसाच होता. दुकानात साडीच्या टोकाचे एकदोन धागे ओढायचे, बाहेर पायरीवर बसून काडी लावायचे आणि वास घ्यायचे. जाऊ गावाकडची, चौथी शिकलेली, ती कौतुकाने बघत राहायची. मी घाटकोपरच्या ऑफिसात टायपिस्ट, स्वतःच्या पगारातून साड्या घेणारी. माझ्याबरोबर यायचं ते स्वतःहून कधी म्हणत नसत. आणि मी कशाला विचारू? पण त्यांनी माझ्यासाठीही धागा जाळावा, एवढीच माझी हाव होती.

माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी इरेला पेटले. एकटीने सिल्कची साडी घ्यायची आणि दोघांना दाखवून द्यायचं! दोन पगारांतलं वाचवलेलं घेऊन गेले. जरा ऐटीतच पदराच्या दशीतला धागा ओढला, बाहेर येऊन जाळला. केस जळल्यासारखा वास आला. अस्सल रेशीम! घेऊनच टाकली.

घरी जाऊ म्हणाली, "अगो बाय, झकास हा गो!" तिच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून आणखीच राग आला. बाबांनी पदर अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला. मग विणीतला आडवा धागा ओढून स्टोव्हवर धरला. तो आक्रसला आणि त्याची काळी कडक गोळी झाली.

"दशीतलो तो उभो धागो, रेशमाचो," ते हळूच म्हणाले, "आडवो नायलॉनचो. दोनय बघूचे लागतत."

वाट लागली! दोन पगारांची बचत पाण्यात. मी रडतच ओरडले, "तिच्याबरोबर बरे जाता! मी काय परकी आहे? मला कधी विचारलंत तरी?" जाऊ आत गेली.

बाबांनी ती गोळी नखाने चुरगळून बघितली. चुरगळली नाही.

"तुझ्या पयल्या दिवाळीक मी इलेलंय तुझ्यावांगडा दुकानात," ते म्हणाले. "मी पायरेर बसान धागो जाळी होतंय. दुकानदारान तुका इचारल्यान, 'हे म्हातारे तुमच्याबरोबर आहेत काय?' तू नाय म्हटलंस."

मी म्हटलं होतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं.