उपासाचा डबा

कॅनडात, हॅमिल्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये मी काम करते. काम कसलं, पेशंटांचे ट्रे सरकत्या पट्ट्यावरून परत येतात, त्यांतलं उरलेलं बादलीत खरवडायचं आणि भांडी मशीनमध्ये लावायची. आजारी माणसं जेवतात कुठे? अख्खी चिकनची तंगडी, न उघडलेलं पुडिंग, सगळं टाकायचं. पेशंटच्या खोलीत जाऊन आलेलं परत कोणाला देता येत नाही, नियम बरोबरच आहे. पण पट्ट्याच्या पलीकडे उभं राहून जी माझ्याबरोबर खरवडायची, तिची बहीण गाझात दोन पोरांना घेऊन तंबूत उपाशी होती.

मी तिला ताई म्हणायचे. वयाने मोठी, नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. अर्थ सांगितला तर म्हणाली, "म्हण की. माझ्या पाठची एकच आहे, आणि तिचा फोन आता रोज लागत नाही." त्या बहिणीला सगळ्यांनी सांगितलं होतं, निघ तिथून. ती ऐकेल तर शपथ. म्हणे, आजी अठ्ठेचाळीस साली दोन दिवसांसाठी म्हणून घर सोडून निघाली आणि मरेपर्यंत परत जाऊ शकली नाही, मी हलणार नाही. तिचं लढणं ते एवढंच.

एका सोमवारी ताई म्हणाली, "आजपासून माझा उपास." काही बायका इथल्या खासदाराच्या ऑफिससमोर बसायच्या, ही शिफ्ट संपली की त्यांच्यात जायची. अन्नाचे ट्रक गाझात सोडेपर्यंत जेवायचं नाही, असं ठरलं होतं.

आता उपास म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे एकादशी दुप्पट खाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हाताने, बरोबर राजगिऱ्याचे लाडू. डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "खा, हे चालतं उपासाला." वर समजावूनही सांगितलं की बटाटा चालतो, साबुदाणा चालतो, गहू-तांदूळ नाही. ती डब्याकडे बघत राहिली आणि मग टेबलाला धरून हसत सुटली. कित्येक दिवसांनी हसत होती बिचारी. "तुमचा देव फारच दयाळू आहे," म्हणाली. मग बाटली दाखवली, मिठाच्या पाण्याची. तिचे वडील इस्रायलच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी असाच केला होता, मीठ आणि पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा गुपचूप लॉकरमध्ये ठेवला.

घरी सांगितलं तर नवऱ्याचं भलतंच. "अगं, तू जाऊ नकोस हं तिथे. पीआर, कायम राहायचा परवाना, यायचाय अजून. कोणीतरी फोटो काढेल आणि सगळं अडकेल." हे जवळच्या किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आमच्या हॉलमध्ये ह्यांच्या आजोबांचा फोटो आहे, बेचाळीसला तुरुंगात गेलेले, तिथे अन्नसत्याग्रह केलेले. पंधरा ऑगस्टला हार घालतो आम्ही त्याला.

"अहो, हे भिंतीवर आहेत ते कोणाला विचारून उपाशी बसले होते?"

"तो काळ वेगळा होता."

"उपाशी पोटाला काळ कळतो का हो?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. पण खरं सांगायचं तर मीही गेले नाही. वेळ गेल्यावर सांगत बसण्यात अर्थ नाही, भीती मलाही होतीच.

ताई वाळत चालली. ट्रे आता उचलायची नाही, पट्ट्यावर ठेवूनच खरवडायची. एकदा मला राग आवरेना. म्हटलं, "तू मेलीस तर ती जेवणार आहे का?"

"आणि मी जेवले तर ती जेवणार आहे?"

पुढचा ट्रे आला. भात तसाच होता. मी बादलीत टाकला.

मग ते झालंच. बहीण पीठ वाटतात तिथे गेली होती, गोळीबार झाला, ती परत आली नाही. शेजारच्या तंबूतल्या बाईने कळवलं. दुसऱ्या दिवशी ताई तरीही कामावर आली. चेंज रूममध्ये एक बूट घालून बाकावर बसली होती, दुसरा हातात.

मी पिठलं-भात नेला होता. म्हटलं, "ताई, माणूस गेलं की आमच्याकडे त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आणतात, आणि गिळवत नसला तरी एक घास खावाच लागतो. कडू घास म्हणतात." मी हातानेच भरवला. कितीतरी वेळ चावत होती, डोळे कोरडे ठणठणीत. गिळला. मला वाटलं, सुटला बाई उपास एकदाचा.

तिने डब्याचं झाकण लावलं. "हा घास तिचा," म्हणाली. "पोरं अजून उपाशीच आहेत." आणि बाटली तोंडाला लावली.

त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी तिच्याबरोबर गेले. घरी काही कळवलं नाही. ऑफिसचं दार बंद होतं. फुटपाथवर चारदोन बायका पाट्या धरून बसल्या होत्या, मी ताईला टेकून बसले, तिचं अंग गार होतं. समोरच्या स्टॉपवर बस यायची, माणसं उतरायची, मान खाली घालून निघून जायची. फोटो काढेल कोणीतरी म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. अंधार पडेपर्यंत बसलो. कोणीही फोटो काढला नाही.