आधीच धुतलेलं धुणं

माय बहारीनला आली ती माझ्या हट्टापायी. मला तिला नुसतं बसवून ठेवायचं होतं. चार घरची धुणीभांडी करून तिनं मला शिकवलं आणि मी जिदहफ्सच्या फ्लॅटमध्ये एसी लावून दुपारची लोळते, हे मला आतून खात असे. तिचा व्हिजिट व्हिसा संपला की वाढवायचा, पुन्हा वाढवायचा आणि तिला कपबशीलाही हात लावू द्यायचा नाही, असा माझा बेत होता. मायला तो मुळीच मान्य नव्हता.

"मी इथं बसून काय करू? अंडे उबवू?"

तिचे हात थांबावेत म्हणून मी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरवलं. नवऱ्याच्या कंपनीतलं एक अमेरिकन कुटुंब परत चाललं होतं. बुदैयाच्या व्हिलातलं सामान त्यांनी विकायला काढलं होतं, तिथे मी मायला घेऊनच गेले.

घरची बाई साठीची, बोलायची भारी हौस. मशीन राहिलं बाजूला, तिनं पुराणच लावलं. तिची आजी शेतावर राहायची. सोमवार हा धुण्याचा वार. पंपानं पाणी उपसायचं, चुलीवर उकळायचं, खाचांच्या फळीवर कपडे घासायचे. आई लग्न होऊन शहरात आली. पुढे तिच्याकडे विजेचं मशीन आलं, वर पिळायला दोन रूळ असलेलं, त्यात तिचं बोटही एकदा सापडलं. बर्फवाला लादी आणून ठेवायचा त्या लाकडी कपाटाच्या जागी फ्रिज आला. आणि हिच्या संसारात तर भांडी घासायचंही मशीन. "आजीनं हे पाहिलं असतं तर खुर्चीवर बसून रडली असती," बाई म्हणाली.

मी मायला एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि मला मनातून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्या बाईच्या आजीचे हाल आता गोष्ट म्हणून सांगण्याइतके जुने झाले होते. माझी माय परवापर्यंत तेच करत होती.

माय म्हणाली, "तिले विचार, हिच्या मायकडे धुणंवाली नव्हती का?"

बाईनं आठवून सांगितलं. होती, दर सोमवारी एक जण यायची. मशीन आलं तसं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. नाव काही आठवत नाही.

"तिला दुसरीकडे चांगलं काम लागलं म्हणे," मी मायला सांगितलं. मायनं मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं.

त्याच संध्याकाळी मशीन घरी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून कपडे आपटल्याचा आवाज. मायनं सगळं धुणं वडीच्या साबणानं घासून, खळबळून, पिळून ठेवलं होतं आणि आता ते मशीनमध्ये भरत होती. माझं डोकंच फिरलं.

"अगं माय, मग हे आणलं कशाला?"

"मशीन झालं म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या पुढ्यात इतकं मळकं टाकू नये," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, "अन् काल खोटं कायले सांगितलं? त्या बाईले काढून टाकलं असन. मलेबी टाकलं होतं."

मला माहीतच नव्हतं. मी दहावीत असताना मायच्या चार घरांतल्या वकिलांकडे मशीन आलं होतं आणि मायला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणाले होते. घरी तिनं सांगितलं, कंबर धरते म्हणून मीच सोडलं. वकिलांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्या मागच्या दारी माय धुणं आपटताना दिसू नये म्हणून मी शाळेत लांबच्या रस्त्यानं जायची.

"तेव्हा खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू किती खूश झाली होती त्या दिवशी," माय म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "म्हटलं, राहू दे पोरीले खूश. आता माह्या परतीच्या तिकिटाचं बघ."

'इंशाल्ला' म्हणून टाळता आलं असतं, इथे सगळे तेच करतात. मी "काढते" म्हणाले.