पाण्याचे मेल कुठे गेले

निवृत्तीनंतर मुलाने घरी संगणक आणून दिला आणि एका रविवारी त्यावर माझे ई-मेल खाते जोडायला बसला. नाव, पत्ता, पासवर्ड, मेल येण्याचा सर्व्हर, मेल जाण्याचा सर्व्हर असे एकेक भरत तो पुढे गेला. शेवटी पडद्यावर एक बारीक चौकट आली. तिच्यात खूण करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. "हे राहू द्या बाबा, याने काही फरक पडत नाही," तो म्हणाला. मी त्याचा हात थांबवला. तशाच एका चौकटीपायी एका माणसाचे डोके फुटले होते आणि दोन गावे एकमेकांच्या अंगावर आली होती. त्या गुन्ह्याचा तपास माझ्याकडे होता.

तेव्हा मी जालना रोडवरच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि शहर रोज थोडे थोडे आमच्या हद्दीत सरकत होते. शेंद्र्याकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. करमाडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटचे दगड रोवलेले दिसत. त्याच वर्षांत पावसाने सलग पाठ फिरवली. उन्हाळ्यात आमच्या स्टेशन डायरीत चोऱ्यांपेक्षा पाण्याच्या भांडणांच्या नोंदी जास्त असत. कोणी हापशावरचा नंबर मोडला, कोणी टाकीचा वॉल्व्ह फिरवला, कोणी टँकर अडवला.

गारखेड्यातली एक संस्था कारखान्यांच्या मदतीने गावांना टँकर पाठवत असे. सरकारी टँकर वेगळे, हे त्यांना जोड म्हणून. गावाने ई-मेलने मागणी पाठवायची आणि आलेल्या क्रमाने टँकर जायचा, अशी पद्धत होती. संस्थेचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. फोनवर मागणी घेतली की ओळखीपाळखी सुरू होतात, असे त्यांचे मत होते. म्हणून फोनवर मागणी घ्यायचीच नाही असा त्यांनी नियम केला होता. आलेले मेल बघून टँकर लावण्याचे काम कार्यालयातल्या एक बाई करत. वय तिशीच्या पुढे, बोलणे मोजके, काम चोख.

एका दुपारी ठाण्यात फोन आला की करमाडच्या पुढे एका गावात टँकर अडवला आहे आणि ड्रायव्हरला मारहाण झाली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा टँकर गावाच्या मधोमध उभा होता आणि रिकामा झाला होता. तो त्या गावासाठी नव्हताच. शेजारच्या गावाला निघालेला असताना लोकांनी वळवून आत घेतला होता. ड्रायव्हरच्या कपाळावर दगड लागला होता. त्याला दवाखान्यात पाठवले, त्याची फिर्याद घेतली, पंचनामा केला आणि गुन्हा दाखल केला.

जमावात पुढे होते ते गावचे उपसरपंच. चाळिशीतले शेतकरी, अंगाने काटक. ग्रामपंचायतीतला संगणक चालवायला ते स्वतः शिकले होते. त्यांना ताब्यात घेतले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"टँकर म्या अडवला, साहेब. दगड म्या मारला नाय. पर अडवला म्याच."

"का अडवला?"

"उन्हाळा लागल्यापून मेल टाकतोय. एकाचंबी उत्तर नाय, एकबी टँकर नाय. आन् शेजारच्या गावात टँकरवर टँकर चाललेत आमच्या डोळ्यादेखत. बायामाणसं कोस कोस हिंडायलीत पाण्यासाठी. म्या किती दिवस सांगू त्यांना, की मेल टाकलाय म्हणून?"

"संस्थेत जाऊन विचारलं नाही?"

"गेलतो की. तिथली बाई म्हणली, तुमचा मेल आलाच नाय. म्या म्हणलं, मी सोताच्या हातानं टाकलाय. ती म्हणली, नाय आला. माझ्या तोंडावर खोटं बोलली, साहेब."

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. नाक्यावर चहाची टपरी असलेला आमचा एक खबऱ्या होता. तो ठाण्यात आला, दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाला, "साहेब, ती गारखेड्याची बाई कोण हाय, म्हाईत हाय का? ज्या गावाला टँकर जातेत ना, त्या गावची सून हाय ती."

पोलिसाला अशी खबर मिळाली की बरे वाटते. हेतू मिळाला, संधी होती, माणूस समोर होता. खबर एकट्या माझ्यापाशी राहिली नाही हेही उघड होते. दोन दिवसांत अडवणाऱ्या गावातली काही पोरे बाईंच्या सासरी जाऊन शिवीगाळ करून आली. सासरच्या गावातले लोक काठ्या घेऊन वेशीवर बसू लागले. मला दोन्हीकडे बंदोबस्त लावावा लागला. इकडे अध्यक्षांनी बाईंना घरी बसायला सांगितले आणि त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार घेऊन ते स्वतः ठाण्यात आले. गावाची मागणी जाणूनबुजून दडपली, असे तक्रारीत होते.

मी बाईंना जबाबासाठी बोलावले. बरोबर त्यांचे यजमान आले होते, ते बाहेर बाकावर बसले. एका महिला हवालदारांना मी समोरच बसवून घेतले. या हवालदार जिल्हा कार्यालयाच्या संगणक कक्षातून मदतीला आल्या होत्या.

"तुमचं सासर त्या गावात आहे, हे तुम्ही संस्थेला सांगितलं होतं?"

"नोकरीला लागले तेव्हाच सांगितलं होतं."

"मग शेजारच्या गावाचे मेल आले की काय करत होता?"

"आले असते तर टँकर लावला असता." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. "साहेब, माझ्यावर संशय घेणं सोपं आहे, ते मलाही कळतं. पण आलेलाच नाही तो मेल मी दडपणार कसा? माझं मशीन घेऊन जा. सगळं बघा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिले होते. खोटे बोलणारा माणूस न विचारलेलेही समजावून सांगतो, स्वतःच्या बाजूने कारणे पुरवत राहतो. या बाई विचारलेल्याचेच उत्तर देत होत्या आणि गप्प बसत होत्या. तेवढ्यावर कोणी निर्दोष ठरत नाही, पण मी अटकेची घाई केली नाही.

हवालदारांनी कार्यालयातले मशीन तपासले. स्पॅमचा कप्पा पाहिला, कचऱ्याचा पाहिला, मेल आपोआप दुसरीकडे वळवणारा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का तेही पाहिले. काही नव्हते. मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. उपसरपंच एव्हाना जामिनावर सुटले होते. त्यांच्या संगणकात पाठवलेले सगळे मेल ओळीने होते. पत्ता बरोबर, एकही परत आलेला नाही. म्हणजे दोघेही खरे बोलत होते, आणि तसे असेल तर मेल कुठे तरी मध्ये जात होता.

हवालदारांनी दुपारी स्वतःच्या मोबाइलवरून संस्थेच्या पत्त्यावर एक मेल पाठवला. तो गारखेड्यात लगेच पोहोचल्याचे कार्यालयातून फोनवर कळले. त्या विचारात पडल्या. मग त्यांनी उपसरपंचांना विचारले, "तुम्ही मेल कधी पाठवता?"

"सकाळीच. दुपारी लाईट कुठं असती आमच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीत उपसरपंचांच्या शेजारी बसलो आणि त्यांना मेल पाठवायला लावला. हवालदार गारखेड्यात कार्यालय उघडण्याची वाट पाहत थांबल्या. कार्यालय उघडले, मशीन सुरू झाले, आणि तो मेल तिथे नव्हता. दुपारी हवालदारांनी मोबाइलवरून पाठवलेला मात्र याही वेळी आला. म्हणजे कार्यालय उघडण्याआधी कोणीतरी खाते उघडून मेल काढून घेत होते.

"सर, पासवर्ड बदलून टाकू का?" हवालदारांनी फोनवर विचारले.

मी नको म्हटले. पासवर्ड बदलला असता तर मेल जाणे थांबले असते, पण कोणी नेले ते कधीच कळले नसते आणि बाईंच्या नावावरचा डाग तसाच राहिला असता. गावाचे पाणी मात्र त्यासाठी अडवून ठेवणे शक्य नव्हते. मी अध्यक्षांना सांगितले की तपास होईपर्यंत या गावाची मागणी फोनवर घ्या. त्यांना ते पटले नाही, पण ते हो म्हणाले. संध्याकाळी त्या गावात पहिला टँकर गेला.

मेलसेवा देणाऱ्या कंपनीला आम्ही रीतसर पत्र देऊन माहिती मागवली. उत्तर यायला वेळ लागला, पण आले ते स्पष्ट होते. संस्थेचे खाते दोन ठिकाणांहून उघडले जात होते. एक गारखेड्याचे कार्यालय. दुसरे ठिकाण बिडकीनमधले.

मी अध्यक्ष आणि बाई, दोघांना गारखेड्याच्या कार्यालयात एकत्र बसवले. बिडकीनला कोण आहे, असे विचारले. बाई म्हणाल्या, त्यांचे तिथे कोणी नाही. अध्यक्षही नाही म्हणाले. मग मी बाईंना एवढेच विचारले की या मशीनवर मेलचे खाते कोणी जोडले.

"मीच. उन्हाळा लागला तेव्हा हे नवीन मशीन आलं. मेल येत होते पण जात नव्हते, म्हणून कंपनीला फोन करून ते दुरुस्त करून घेतलं. जुन्या मशीनवर होतं तसंच सगळं भरलं."

"जुन्या मशीनचं काय झालं?"

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मुलींच्या संगणक वर्गाला भेट दिलं. बिडकीनला."

आम्ही दोन पंच घेऊन बिडकीनला गेलो. बाजाराजवळ एका खोलीत तो वर्ग चालत असे. दुपारी वीज जाते म्हणून तो सकाळी लवकर भरायचा. आम्ही गेलो तेव्हा मुली टाइप करत बसल्या होत्या, पोलीस पाहून सगळ्यांचे हात थांबले. शिकवणाऱ्या मॅडम घाबरल्या. मी त्यांना बसायला सांगितले. भेट मिळालेले मशीन त्यांच्याच टेबलावर होते. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, पाकिटाचे एक बारीक चित्र होते.

"हे काय आहे?" हवालदारांनी विचारले.

"ते आलं तसंच आहे, मॅडम. मशीन सुरू केलं की आपोआप येतं. आम्ही हात लावला नाही. काढलं आणि मशीन बंद पडलं तर, म्हणून."

हवालदारांनी त्या चित्रावर क्लिक केले. खिडकी उघडली आणि समोर मेलची रांग आली. सगळे ठळक अक्षरांत, म्हणजे एकही उघडलेला नाही. इतर गावांचेही काही होते, पण ती गावे दुपारी बाजाराला आल्यावर पुन्हा मेल टाकत, म्हणून त्यांचे निभावले होते. बहुतेक मेल त्या एकाच गावाचे होते. मी विषय वाचत खाली गेलो. टँकर मागणी. टँकर मागणी, स्मरणपत्र. विनंती. मॅडम, आमची मागणी मिळाली का? आमच्या चाचणीचा मेल सोडला, तर शेवटचा मेल ज्या दिवशी दगड पडला त्या सकाळचा होता. त्याला विषय नव्हता. आत एकच ओळ होती: आमचं काही चुकलं असेल तर सांगा.

पंचांपैकी एकाने चष्मा पुसला. मी पंचनामा लिहून घेतला.

हवालदारांनी मला नीट समजावले. मेलचे हे खाते अशा पद्धतीने जोडले होते की मशीन सर्व्हरवरून मेल उतरवून घेई आणि तिथली प्रत पुसून टाकी. प्रत ठेवण्याच्या चौकटीत कोणी खूण केलेली नव्हती. एकच मशीन होते तोवर त्याने काही बिघडले नाही. जुने मशीन देताना कागदपत्रांच्या फाइल पुसल्या, मेलचा प्रोग्राम आणि पासवर्ड मात्र आतच राहिले. सकाळी बिडकीनचे मशीन आधी सुरू होई आणि आलेले सगळे घेऊन जाई. गारखेड्याला मागाहून काही शिल्लक नसे.

मेल दडपल्याचा गुन्हा कोणावर लावावा, असे कोणी नव्हते. दगडाचा गुन्हा होताच आणि तो मी सोडला नाही. बिडकीनची हकीकत गावात कळली तेव्हा एक तरुण आपण होऊन ठाण्यात आला आणि दगड मी मारला म्हणाला. त्याच्यावर रीतसर दोषारोपपत्र गेले. पुढे कोर्टात ड्रायव्हरने त्याला माफ केले.

अध्यक्षांनी बाईंना परत कामावर येण्याचे पत्र पाठवले. त्या ते घेऊन ठाण्यात आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, पत्राने काय होतं? माझं नाव गावात गेलंय. तिथं येऊन सांगायला सांगा."

अध्यक्ष मानी गृहस्थ होते, पण आले. मारुतीच्या पाराजवळ दोन्ही गावची माणसे जमली. मी बंदोबस्तासाठी हजर होतो. अध्यक्षांनी उभे राहून, कागद न बघता, मशीन त्यांनीच दिले आणि तक्रारही त्यांनीच केली हे सांगितले. बाईंची काही चूक नव्हती, असे त्यांनी दोनदा म्हटले. मग उपसरपंच पुढे आले.

"ताई, म्या तुमच्याबद्दल लई वंगाळ बोललो. तोंडावर बोललो, माघारी बी बोललो."

बाई म्हणाल्या, "तुमचे सगळे मेल मी वाचले, भाऊ. उत्तर द्यायला उशीर झाला."

उपसरपंचांनी मान हलवली. बाईंचे सासरे गर्दीत मागे उभे होते. ते पुढे येऊन त्यांच्या शेजारी पारावर बसले.

त्यानंतर तक्रारदार समोर बसला की मी त्याला आधी कोणाचेही नाव न घेता काय घडले ते सांगायला लावू लागलो. बहुतेकांना ते जमत नसे. तोंडात नाव आधी येई, घटना मागून. आम्हा पोलिसांचेही तेच होते. संशयाशिवाय तपास चालत नाही, पण संशयाला एक माणूस सापडला की तो तिथेच बसतो, पुढे शोधत नाही. ती बाई शेजारच्या गावची सून आहे, ही खबर शंभर टक्के खरी होती. तिचा त्या मेलशी काडीचाही संबंध नव्हता. खोटी खबर पारखायला मी प्रशिक्षणात शिकलो होतो. खरी खबरही माणसाला चुकीच्या दारात नेऊन उभी करते, हे मला त्या उन्हाळ्यात कळले.