मोंबासाच्या बोटीने गेलेला नवशा

जमनाचा आजा नवशा मोंबासाच्या बोटीत बुडून मेला, हे सगळ्या मुरबे गावाला ठाऊक होतं. मानत नव्हती ती एकटी त्याची बायको, येसूबाई.

१९१२ साली कुण्या मुकादमाच्या नादाने नवशा आफ्रिकेत धक्का बांधायच्या कामावर गेला. येसू तेव्हा विशीची, चार महिन्यांची गरोदर. दोन वर्षं चिठ्ठी नाही, निरोप नाही. मग सातपाटीच्या एका खलाशाने खबर आणली की ती बोट बुडाली. घरात रडारड झाली. बाया येसूचं कुंकू पुसायला आल्या, तेव्हा ती हातात कोयता घेऊन दारात बसली. म्हणाली, "मढं दाखवा, मंग पुसते."

मढं कुणी दाखवलं नाही. येसूबाई बासष्ट वर्षं रुपयाएवढं कुंकू लावून, हिरवा चुडा भरून, डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकत राहिली. मुलगा दादू झाला, वाढला, पोरं झाली आणि तोही तापाने गेला. नातीला, जमनाला, तिने सुक्या बोंबलांवर शिकवलं. जमना जवळच्या पाम गावच्या शाळेत मास्तरीण झाली.

१९७४ साली जमनाच्या भावाने पक्कं घर बांधायचं काढलं. जागा अजून नवशाच्या नावावर होती. तलाठी म्हणाले, "मयताचा दाखला आणा."

"बोट बुडाली त्यांची, भाऊसाहेब," जमना म्हणाली.

"मग बोट बुडाल्याचा कागद आणा. मुंबईला असेल कुठेतरी."

मे महिन्याच्या सुट्टीत जमना मुंबईला गेली. सरकारी दफ्तरखान्यात खंडेराव नावाचे एक म्हातारे कारकून होते. मास्तरीण आजोबांना शोधायला आलीय म्हटल्यावर त्यांनी जुन्या बोटींच्या उतारूंच्या वह्या काढून दिल्या. पानं पापडासारखी मोडत होती. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नाव सापडलं. नवशा चिंधू, वय चोवीस, मौजे मुरबे, तालुका माहीम, जिल्हा ठाणे. डाव्या भुवईवर व्रण. घरचं माणूस: बायको येसू.

जमनाने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला भरून आलं. आजाला तिने कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

"ही बोट बुडाली ना?"

खंडेरावांनी चष्मा वर केला. "नाही हो. मोंबासाला पोचल्याचा शिक्का आहे. बुडाली असेल तर परतीची असेल. थांबा."

त्यांनी मोठ्या हौसेने परतीच्या वह्या आणल्या. दुपारनंतर तेच एका पानावर थांबले. मग वही तिच्याकडे सरकवली. साल १९२१. नवशा चिंधू, डाव्या भुवईवर व्रण, मुंबई बंदरात सुखरूप उतरला. सोबत बायको आणि दोन मुलं. त्यापुढे गावच्या नातलगांचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, कोणी नाही.

मुंबईहून मुरबे एका दिवसाची वाट. त्या साली जमनाचा बाप नऊ वर्षांचा होता आणि किनाऱ्यावरची पोरं त्याला बिनबापाचा म्हणून चिडवत होती.

"नक्कल देऊ?" खंडेरावांनी हळूच विचारलं. जमनाने मान डोलावली.

ती घरी आली तेव्हा येसूबाई बोंबील वाळत घालत होती. "काय गो, गावला का?"

खोटं सांगायचं असं जमनाने वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. आजीसमोर ते जमेना. तिने इंग्रजी नक्कल वाचून दाखवली, एकेक शब्द मराठीत करून.

येसूबाईने हातातला बोंबील खाली ठेवला. "तिचं नाव काय?"

"नाव नाय लिवलं. नुसतं बायको लिवलंय."

"बायको," म्हातारी म्हणाली. मग पदराचं टोक उलट्या हाताने कपाळावरून फिरवलं, दोनदा, जोरात. मनगटं जात्यावर आपटून चुडा फोडला.

"आजी! सोडलं त्यानं, आन् कुंकू तू पुसतेस?"

"सोडलेली म्हनून नाय मरायचं मला. त्यापरीस रांडाव बरी. तो बोटीत बुडाला. सांग सगल्यांना, मुंबईला कागद बघितला म्हनून. आन् तो कागद चुलीत घाल."

तिने नातीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. जमनाने कागद चुलीत घातला.

गावाने नवशाचं सुतक पाळलं. दहाव्याला खाडीवर माणसं जमली. ज्याला कुणी पाहिलं नव्हतं त्याच्याबद्दल सांगत होती, कसा धिप्पाड, कसा मायाळू, दर्याने ओढून नेला नाहीतर बायकोला सोडून राहिला असता का. जमना नखं तळव्यात रुतवून ऐकत राहिली. पाच पंचांनी अंगठे उठवले, कागदाऐवजी तलाठ्यांनी पंचनामा मानला, जागा भावाच्या नावावर झाली.

येसूबाई कुठल्याही लग्नात हळद लावायला पहिली असायची. आता बाया तिला मांडवाच्या मागच्या बाजूला बसवू लागल्या. ती बसायची. दोन वर्षांनी गेली तेव्हा तिच्या ओटीत कुणी काही घातलं नाही.

१९९२ साली भावाच्या मुलाने, तारापूरच्या कारखान्यातल्या रामाने, त्या घरावर मजला चढवला आणि दारावर संगमरवरी पाटी बसवली: नवशा-स्मृती. घरात मोठी म्हणून जमनाला नारळ फोडायला पुढे केलं.

"येसूबाईचं नाव का नाय दिलंस?" तिने विचारलं.

"आत्या, जागा पणजोबांची ना," रामा म्हणाला. "पणजीचं यात काय होतं?"

सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. चहाचे कप घेऊन माणसं वाट बघत उभी होती. जमनाने नारळ फोडला आणि पाणी उंबऱ्यावर शिंपडलं.