घोडीच्या मानेतली गाठ

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला आणि रिसाल्याचे घोडे विकायला निघाले, तेव्हा मामंजींनी एक घोडी स्वतःसाठी ठेवून घेतली. त्यांची सारी नोकरी रिसाल्यात गेलेली. घोडी त्यांची, हौस त्यांची. दाणा भिजवणं, पाणी ओढणं आणि लीद उचलणं मात्र माझ्याकडे. हे सकाळी सायकल काढून कचेरीत पसार व्हायचे.

एकदा बेटम्याच्या रस्त्याला तिच्या गुडघ्यात तार घुसली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी येऊन जखम धुतली आणि धनुर्वात होऊ नये म्हणून मानेत लस टोचली. जाताना म्हणाले, "सुईच्या जागी सूज येईल, थोडा तापही. घाबरू नका." मामंजी घोडीला थोपटत होते. त्यांनी ऐकलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मानेवर दाल-बाटीतल्या बाटीएवढी गाठ. घोडी जमिनीवरच्या चाऱ्याकडे बघायची, पण डोकं खाली नेईना. मामंजींचा चेहरा उतरला.

"धनुर्वातच झालाय हिला. सुईनंच दिला."

"डॉक्टर बोलले होते ना, सूज येईल म्हणून."

"सूनबाई, घोड्यातलं तुला काय कळतं? आधी मानच आखडते."

धनुर्वाताच्या जनावराला उजेड आणि आवाज सोसत नाही. म्हणून पागेच्या दाराला पोती लागली, घोडीच्या कानांत कापूस गेला आणि घराला हुकूम सुटला: आवाज नको. भांडं वाजायचं नाही, पाट सरकवायचा नाही, फोडणीसुद्धा नको, कारण ती चरचरते. शेजाऱ्यांनी कुंपणावरून "क्या हो गया भिया?" म्हणून विचारलं, तर मामंजी त्यांच्या अंगावर धावून गेले. मी बिनफोडणीची खिचडी वाढली. ह्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, "चालू दे त्यांच्या मनासारखं," असं माझ्या कानात कुजबुजले आणि कचेरीत निघून गेले. तिथे बरी चरचरत तळलेली कचोरी मिळत असणार.

मी निरोप धाडून डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. मामंजींनी त्यांना पागेत पाऊलही टाकू दिलं नाही. डॉक्टर बिचारे फाटकाशी येऊन मला म्हणाले, "आता काय करू, सांगा? ऐसा करो, चारा-पाणी तिच्या छातीच्या उंचीवर ठेवा. खाल्लं, तर जबडा ठीक आहे, धनुर्वात नाही. नुसती मान दुखतेय. गाठीवर गार पाण्याचं फडकं ठेवा. चोळू मात्र नका."

दुपारी मामंजी दाराशी खुर्चीत पेंगले. मी पोतं बाजूला सारून आत गेले, स्टुलावर घमेलं ठेवलं आणि त्यात हिरवा चारा घातला. घोडीनं त्यात तोंड खुपसलं. करकर चावत होती नुसती. मग मी बादली उचलून धरली, तीही तिनं संपवली. माझे हात भरून आले.

मागे वळले तर मामंजी उभे. ते पुढे आले, तिच्या ओठाच्या कडेतून बोट घालून जबडा उघडून पाहिला आणि कानांतला कापूस काढला.

"भरती झालो तेव्हा मला मिळालेला घोडा धनुर्वातानंच गेला," ते हळूच म्हणाले. "पाणी समोर, पण तोंड उघडेना त्याचं. बघत बसलो होतो मी."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मामंजी ही गोष्ट पहिल्याच दिवशी बोलले असते, तर मीच डॉक्टरांचा हात धरून त्यांना आत नेलं असतं, आणि घोडी बिचारी उपाशी राहिली नसती. तेही मी बोलून दाखवलं. मामंजी फडकं भिजवत राहिले.

गाठ हळूहळू जिरली. काही आठवड्यांनी लसीची दुसरी सुई होती. डॉक्टरांनी ती छातीत दिली, मामंजींनी स्वतः लगाम धरला. संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, जरा येऊन बघतेस? मला काही समजेना."

मी कणकेचे हात तसेच घेऊन गेले. घोडीला काहीही झालं नव्हतं.